पहिलं वांगं

राखेच्या कडेला वांग्याचा देठ पडला होता आणि त्याला बांधलेली लाल चिंधी अर्धी करपली होती. महादेवरावांनी ती पाहिली तेव्हा त्यांच्या पत्रावळीवर भरीत वाढून झालं होतं.

हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या वाटेवरच्या एका आवळीखाली दर कार्तिकात त्यांचं जेवण असतं. बायका खोडाला सूत गुंडाळतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजतात, आणि भाजी आपल्याच परसातली लागते. किराणा दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून महादेवरावांचं वर्ष परसावरच चालतं. उन्हाळ्यात मोगरा, श्रावणात दोडके, कार्तिकात शेवंती, वांगी आणि ही आवळी. यंदा सोबत मुलगा योगेंद्र होता, बहीण सुलोचनाबाई होती आणि वैशाखात लग्न होऊन आलेली सून आचल. भरीत आचलनं केलं होतं.

सुलोचनाबाईंचंही लक्ष देठाकडे गेलं.

"अवं माय! बियाण्याचं वांगं तोडलं का वं तू?"

आचलच्या हातात पळी तशीच राहिली. "चिंधी बांधलेली होती ना, आत्याबाई. मला वाटलं, आजच्यासाठी राखून ठेवलं असेल. आमच्याकडे नागपूरला चांगली संत्री अशीच बाजूला काढून ठेवतात, पाहुण्यांसाठी."

"कोनी तोडू नाई म्हनून बांधत असते चिंधी! पयलं मोठं वांगं झाडावरच पिकू द्या लागते, त्याचंच बी धरा लागते. पस्तीस वर्सांचं बी गेलं न एका जेवनात!"

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. महादेवरावांच्या बायकोनं, शोभाबाईंनी, हे बी समुद्रपूरकडच्या माहेराहून लग्नात पदराला बांधून आणलं होतं. शोभाबाई जाऊन तीन वर्षं झाली. यंदाच्या पावसात त्या बियाण्याचं एकच झाड वाचलं, त्यावर हे एकच फळ धरलं, आणि डब्यात मागचा एक दाणाही शिल्लक नाही. दसऱ्यापासून हा माणूस रोज सकाळी चहाच्या आधी त्या झाडापाशी जाऊन उभा राहत होता.

सुनेला मात्र यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आली तेव्हापासून परसातलं एकेक फूल, एकेक फळ वहीत रंगवते. गेल्या आठवड्यात तिनं हेच वांगं चिंधीसकट रंगवून सासऱ्यांना दाखवलं. "चिंधीबी काढली का? झकास!" म्हणून महादेवराव हसले आणि शेवंतीला पाणी द्यायला निघून गेले. तेव्हाच दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण बागेतल्या माणसाला वाटतं, आपल्याला ठाऊक ते साऱ्या जगाला ठाऊक.

"मामाजी, माझं चुकलं," आचल म्हणाली. डोळे भरून आले होते.

"जाऊ दे ना, आत्या," योगेंद्र पुटपुटला.

महादेवरावांनी पत्रावळ पुढे ओढली. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं, असं आचलला झालं. त्यांनी रोडग्याचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि तोंडात घातला. चावता चावता ते थांबले. मग पुन्हा एक घास घेतला, या वेळी नुसत्या भरताचा.

"सुलोचने, हे पयलं वांगं तू खाल्लं होतं का कधी?"

"मी कायले खाईन? बियाण्याचं कोनी खात असते का, दादा?"

"मीनंबी नाई. पस्तीस वर्सं लावून राह्यलो, अन् दुसऱ्या-तिसऱ्या तोडीचंच खाऊन राह्यलो."

पुढचं ते आचलकडे बघून बोलले.

"तुह्या सासूनं खाल्लं होतं. लहानपनी तिच्या बापानं चारलं होतं एकदा. इथं जेवाले यायचं ठरलं का दरसाली म्हने, अवंदा पयलं तोडू, त्याची चवच अलग रायते. मी म्हनो, वांगं ते वांगं, त्यात काय अलग? अन् बी कुठून आनू? दरसाली ती भांडे, अन् दरसाली मीच जिंको."

"रायते का मंग अलग?" सुलोचनाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

महादेवरावांनी मान डोलावली. बायकोची इतकी आठवण त्यांना तिच्या वर्षश्राद्धालाही आली नव्हती. एक वांगं मागत होती बिचारी, आणि आपण ती होती तोवर हिशेबीपणानं नाही म्हणत गेलो, हे त्यांना आता, तोंडात घास असताना, फार लागलं.

"अन् बियाण्याचं कसं, बाबा?" योगेंद्रनं विचारलं.

"झाडावर दोन फुलं हायेत. धरलं तं धरलं."

आचल अजून पळी घेऊन उभीच होती. पुढे यावं की मागे सरावं, तिला कळत नव्हतं. महादेवरावांनी पत्रावळ तिच्याकडे सरकवली.

"वाढ पोरी," ते म्हणाले. "तुह्या सासूच्या वाट्याचंबी वाढ."