पिवळा आणि गुलाबी

"परीक्षा संपेपर्यंत पोरीला काही कळता कामा नये," आईने नवऱ्याला बजावलं आणि आपली फाइल कपाटात जुन्या चादरींच्या तळाशी दडपली.

मग घरात फक्त उजळणीचाच विषय. आई दुखणं गिळून पोरीच्या टेबलाशी बसायची, पेनांत रिफिली घालायची, पेन्सिलींना टोक काढून द्यायची. पोर हायलाइटर घेऊन पुस्तकात मान खुपसून असायची.

"अगं, सगळं पुस्तक रंगवून ठेवलंस की!"

"उगाच नाही रंगवत. पिवळं म्हणजे महत्त्वाचं. गुलाबी म्हणजे कळलं नाही, कुणाला तरी विचारायचं."

"आणि हा व्हाइटनर कशाला?"

"चुकीचं लिहिलेलं घालवायला."

शेवटच्या पेपरच्या दिवशी पोर परीक्षेला गेली आणि आई तपासणीला निघाली. चादरींची घडी जशीच्या तशी होती. तिने फाइल काढून उघडली, आणि तिथेच पलंगावर बसली.

आजाराचं नाव पिवळं केलेलं होतं. ऑपरेशन आता का करता येणार नाही, तो अख्खा परिच्छेद गुलाबी होता. बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कुणाला विचारू?'

तिने पान उलटलं. आणखी किती महिने, हे डॉक्टरांनी जिथे लिहिलं होतं, तिथे व्हाइटनरचा जाड थर वाळला होता.