पायाळूची लाथ

भारत पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. त्याची हलकी लाथ बसली की धरलेली कंबर मोकळी होते, असं सारं शिरड शहापूर मानायचं.

त्याची बायको राधिका त्याच्यासोबत दवाखान्यातून परतली, तेव्हा शेजारचा नामाजी कंबर धरून ओसरीवर वाटच बघत होता.

तिच्या कानात अजून डॉक्टरांचं बोलणं घोळत होतं. मणक्यांमधल्या गादीला आतून नसा नसतात. पण गादीला चीर पडली की त्या चिरेतून नसा आत वाढतात आणि दुखणं सुरू होतं. "कमरेला मार लागला होता का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा भारतच घाईनं बोलला होता, "पडली आसंल कुठं तरी."

नामाजीनं भारतच्या पायाला हात लावून तो कपाळाला नेला आणि पालथा पडला. राधिका त्या पायाकडं बघत दाराशीच थांबली.

"वैनी, घरातच दवा आसून दवाखान्यात काहून गेल्ता तुमी?" नामाजीनं पडल्या पडल्या विचारलं.

"तो दवा मला रोजच मिळतो, भावजी. म्हणून तर गेल्ते."

भारतनं उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. नामाजी सदरा खाली ओढत उठला.