बॅग पसंत पडेपर्यंत

साहिलने बॅग सायकलच्या कॅरिअरवरून पुन्हा काढली, उलटी केली आणि हुकाजवळची शिवण नखाने खरवडून पाहिली. ही त्याची चौथी खेप होती. रोह्याहून गाडीने पेणला यायचं, तास-दीड तास बॅगा चाळायच्या आणि रिकाम्या हाताने परत जायचं, असं महिनाभर चाललं होतं.

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर जनू घरतने त्याला केव्हाच वाटेला लावलं असतं. पेणच्या बाजारात सायकलींचं दुकान चालवून त्याला तीस वर्षं झाली होती आणि चिकित्सा करणाऱ्या माणसाचा त्याला मनस्वी कंटाळा होता. पण साहिलला त्याने बसायला स्टूल दिलं, वर पंखाही लावला.

मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा, राहायला वरसे गावात. कामावर सायकलने जातो म्हणाला. कारखान्यांच्या बाजूचा आहे म्हणजे कंपनीतच असणार, हे जनूने मनाशी धरून टाकलं. आणि नुसत्या बॅगेसाठी रोह्याहून चार-चार वेळा कुणी येत नाही. जनूची वैशाली लग्नाची होती. पोरगा बॅगेच्या निमित्ताने घर बघून जातोय, असं त्याने बायकोला, रंभाला, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. रंभा दुसऱ्या दिवसापासून दुकानात चांगल्या साडीत यायला लागली.

वैशालीचं मात्र काही कळत नव्हतं. साहिल आला की ती मागच्या फळीवरच्या सीटा पुसत बसायची, मान वर करायची नाही. लाजते, असं जनूने ठरवलं. एरवी ती लाजणारी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने दुकानात बसायचा हट्टच धरला होता. हा माल कुठून येतो, तो का घेत नाही, असं विचारून तिने जनूचं डोकं खाल्लं होतं. उद्या लग्न होऊन जाशील, तुला काय करायचंय, असं म्हणून जनूने तिला चहा टाकायला पाठवलं. पुढे तिने विचारणं सोडलं. हल्ली ती आठवड्यातून तीन दिवस रोह्याला कसल्याशा कोर्सला जायची.

साहिलने विचारायचं काही बाकी ठेवलं नाही. डबा आडवा होऊन आमटी सांडेल का? पायडल मारताना टाच लागेल का? जनूला असा श्रोता आयुष्यात मिळाला नव्हता. तो खुलला. चेनची बॅग घेऊ नको, म्हणाला, खाडीच्या हवेत चेन सहा महिन्यांत गंजते. तोंड गुंडाळून बंद होणारी घे, आत थेंब जाणार नाही. आपल्याकडच्या कॅरिअरची सळई जाड, त्यामुळे हुक बसतो की नाही ते आधी बघायचं. एकच बॅग असेल तर डाव्या अंगाला लावायची, उजवीकडून ट्रक घासून जातात.

"आनि खराब निघाली तर?" साहिलने विचारलं.

मग जनूने आवाज खाली आणून आतलंही सांगितलं. कुठल्या बॅगा गिऱ्हाईक परत आणून टाकतं, कुठल्या वर्षानुवर्षं टिकतात. ठाण्याचा कोणता व्यापारी माल बदलून देतो आणि कोणता फोन उचलत नाही. व्यापाऱ्याचा नंबरही त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला. सासरा किती मुरलेला आहे हे जावयाला कळलेलं बरं.

सगळं ऐकून झाल्यावर साहिलने एक काळी बॅग उचलली.

"ही पसंत हाय."

जनूने वैशालीकडे पाहिलं. ती सीट पुसत होती.

चार दिवसांनी साहिलचा फोन आला. रविवारी घरी येतो, काकीपण असू द्यात, एक सांगायचंय. जनूने इस्त्रीचा शर्ट काढला. रंभाने कांदे चिरले आणि वैशालीला हिरवा ड्रेस घालायला लावला. वैशालीने तो मुकाट्याने घातला, तेव्हा रंभाचे डोळे भरून आले.

साहिल आला तो एकटाच. पाणी प्यायला आणि पिशवीतून हळदकुंकू लावलेली पत्रिका काढून त्याने जनूच्या हातात ठेवली.

पोराचं लग्न दुसरीकडेच ठरलं होतं तर. त्याने पत्रिका लांब धरली. चष्मा आत राहिला होता, मोठी अक्षरं तेवढी लागली. लग्नाची पत्रिका नव्हतीच ती. वरसे नाक्यावर सायकलींचं आणि बॅगांचं दुकान निघत होतं, येत्या गुरुवारी उद्‌घाटन होतं.

चार खेपा, तो पंखा, तो ठाण्याचा नंबर, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. स्वयंपाकघरात वैशाली पोह्यांच्या बशा भरत होती, त्यांचा आवाज येत होता.

"म्हंजे माझ्याकडनं शिकून गेलास," तो म्हणाला, "आनि आता दुकान काढतोस व्हय?"

साहिल ओशाळला. स्वयंपाकघराकडे एकवार बघून त्याने मान खाली घातली.

"मी कुठला काढतोय, काका? मी पगारी मानूस. मालकीन बोलली, बाबा मला कदी सांगनार नाय, तू जाऊन इचार, पोरग्याला ते समदं सांगतील."