हवालदार निकमांची टक्केवारी

नियमच तसा होता: सैनिकाची भरपाई ठरवणाऱ्याने आधी त्याची जखम स्वतः सोसायची. भरपाई अधिकारी कारखानीसबाईंनी तारांचा टोप डोक्यावर चढवला आणि हवालदार निकमांच्या आठवणीतला सुरुंग थेट बाईंच्या पायाखाली फुटला. त्या किंचाळत खुर्चीवरून कोसळल्या. गुडघ्याखाली मांसाच्या चिंध्या, हाडाचे तुकडे, तोंडात रक्त आणि माती.

टोप काढल्यावर स्वतःचा धडधाकट पाय चाचपत त्यांनी कागदावर अपंगत्व शंभर टक्के लिहिलं. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "हवालदारसाहेब, मागे कुणीतरी पेटलं होतं. तुम्हाला हाका मारत होतं. तुम्ही सरपटत पुढेच गेलात."

निकमांनी कुबडी काखेत घेतली. "म्हणूनच नऊ वर्षं अर्ज केला नव्हता, बाई. तो माझा धाकटा भाऊ. त्याची बायको बाहेर बसलीय. तिनेच मला हाताला धरून इथवर आणलं."