नऊ नंबरचं दार

मिस्त्रींनी रंधा थांबवला नाही आणि आयुक्तबाईंनी बसायला स्टूल मागितलं नाही. सलग पाचवा बुधवार होता. अख्ख्या शहराचं पोलीस दल जिच्या सहीवर हलतं, ती बाई सुताराच्या कारखान्यात भुशात पाय रोवून उभी होती, आणि सुतार मान वर करायला तयार नव्हता.

"रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे. मागच्या दोन्ही बैठकांना नुसत्या खुर्च्याच आल्या होत्या म्हणे."

"तुम्ही आलात तर वस्ती येईल."

"म्हणूनच येत नाही."

बाईंनी हसू गिळलं. हसण्यासारखं तसं काही नव्हतंच. मागच्या महिन्यात याच वस्तीत एका बाईला चोरानं जिन्यावरून ढकललं. शेजाऱ्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं, पण पोलिसांना फोन एकानंही केला नाही. पोलिसांपेक्षा चोर परवडला, असं लोक उघड बोलत.

आणि याचं मूळ होतं एका दारात.

वीस वर्षांपूर्वी कुणीतरी एका गोदामाच्या पहारेकऱ्याच्या डोक्यात लोखंडी पहार घातली होती. पहारेकरी वाचला, पण एका कानानं बहिरा झाला. चोर या गल्लीत नऊ नंबरच्या घरात आहे, अशी खबर आली. आता या गल्लीतल्या घरांवर नंबर दोनदा पडलेले. जुने बाजाराच्या टोकाकडून, नवे कालव्याच्या टोकाकडून. एकाचं नऊ ते दुसऱ्याचं सव्वीस. पोलिसांनी जुन्या नऊचं दार तोडलं. आत सापडले मिस्त्री आणि त्यांचे म्हातारे वडील, दोघंच. वडील दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभे राहिले होते. एका तरुण अधिकाऱ्यानं त्यांना ढकललं. त्यांचा खांदा पुढे कधीच नीट झाला नाही. चोर तर नव्या नऊमध्येही मिळाला नाही.

घर चुकलं, हे खात्यानं कबूल केलं. भरपाई देऊ केली, मिस्त्रींनी घेतली नाही. तक्रार लिहून द्या म्हटलं, तीही दिली नाही. काय तो स्वाभिमान, म्हणून वस्तीनं त्यांना डोक्यावर घेतलं. मिस्त्री मात्र त्या दिवसापासून कमी बोलू लागले.

तो अधिकारी कोण, हे वस्तीला ठाऊक नव्हतं. डोक्यावर हेल्मेट होतं, आणि एवढ्या गोंधळात चेहरा कोण बघतो? बाईंना ठाऊक होतं. वीस वर्षं त्यांनी ते मनात दाबून ठेवलं होतं. आयुक्त झाल्या झाल्या त्यांनी पहिला हुकूम काढला तो हाच: कुठल्याही दाराशी जाण्याआधी दोन शेजाऱ्यांना नंबर विचारा, दार वाजवा, आपलं नाव सांगा. दलातले लोक त्याला 'पाहुण्यांचा नियम' म्हणून हसत. हसत, पण पाळत. त्यानंतर शहरात एकही चुकीचं दार तुटलं नव्हतं.

"मिस्त्री, रविवारी मी त्या दाराबद्दल बोलणार आहे. नाव घेऊन," बाई म्हणाल्या.

रंधा थांबला.

"कुणाचं नाव?"

"या म्हणजे कळेल."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हातातली फळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "येतो."

शुक्रवारी उपायुक्तांनी बाईंना परोपरीनं समजावलं. "मॅडम, उगाच पायावर धोंडा मारून घेऊ नका. चौकशी लागेल."

"लागू दे. या खुर्चीवर बसून लोकांना खरं बोला म्हणते, तेव्हा माझी मलाच लाज वाटते."

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मिस्त्री शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. बाई उभ्या राहिल्या. समोर कागद नव्हता.

"ते दार मी तोडलं होतं," त्या म्हणाल्या. "मिस्त्रींच्या वडिलांना ढकलणारे हात माझे होते."

पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी तोंड उघडलं. "मग वीस वर्षं तोंडाला कुलूप होतं का?"

"होतं, मावशी. नोकरी जाईल अशी भीती होती."

"आणि आता गेली तर?"

"जाईल. पण तुमच्यातल्या एका बाईला चोर जिन्यावरून ढकलतो आणि आम्हाला कुणी बोलवत नाही, हे आता मला सहन होत नाही."

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा इथे. उभ्यानं किती बोलाल?"

पुढचा दीड तास लोकांनी बाईंना फैलावर घेतलं. गल्लीतले बंद दिवे, चौकीतली अरेरावी, सगळं निघालं. पण उठून कुणी गेलं नाही. निघताना तिघांनी तर चौकीचा नंबर लिहून घेतला.

हॉल रिकामा झाला. मिस्त्री तेवढे राहिले, खुर्च्या एकावर एक रचत. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बोला, मिस्त्री. शिव्या द्या. ऐकते मी."

मिस्त्री रचलेल्यांपैकी एक खुर्ची काढून तिच्यावर बसले.

"उद्या सकाळी मी एका माणसाला घेऊन तुमच्या ऑफिसात आलो, तर त्याच्या अंगाला कुणी हात लावणार नाही ना?"

"मी स्वतः जवळ बसेन. शब्द देते. कोण माणूस?"

"आजवर त्याला आणायची हिंमत नव्हती. आज तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, मग मी कुठल्या तोंडानं गप्प बसू?" मिस्त्रींनी बाहीनं डोळे पुसले. "माझा धाकटा भाऊ. तुमचं घर चुकलं नव्हतं, मॅडम. पहारेकऱ्याच्या डोक्यात पहार त्यानंच घातली होती. तो मागच्या खिडकीतून निसटेपर्यंत वडील दार अडवून उभे होते."