पान एक्केचाळीस

कंपनीला पन्नास वर्षं झाली, म्हणून इतिहासाचं पुस्तक निघणार होतं. ऑफिसातली मुलगी छापायला जाणारं पान घेऊन निवृत्त टेस्टिंग फोरमनच्या घरी आली आणि मोठ्यानं वाचू लागली.

'आमचा प्रत्येक जनरेटर आठ तास पूर्ण लोडवर चालवल्याशिवाय कारखान्याबाहेर पडत नाही.'

फोरमननं मान डोलावली.

'पन्नास वर्षांत एकही जनरेटर आमच्या चुकीमुळे बंद पडला नाही.'

फोरमनची मान हलली नाही.

"एक पडला होता," तो हळूच म्हणाला. "हॉस्पिटलचा. ट्रक दारात उभा, साहेब डोक्यावर बसलेले. मी तीन तास चालवला आणि कागदावर आठ लिहिले."

मुलगी हसली. "काका, माझी फिरकी घेताय होय? मी चौकशीचा अहवाल वाचलाय. तिथल्या ऑपरेटरनं ऑइलच तपासलं नव्हतं. दोन पेशंट गेले त्यात. अहवालाखाली सही तुमचीच तर आहे!"

"तो ऑपरेटर माझा धाकटा भाऊ. मीच चिकटवला होता त्याला तिथं."

मुलीचा आवाज एकदम खाली आला. "आणि त्यांना माहीत आहे... खरं काय झालं ते?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. "दादा, कंपनीतून कोणी आलंय का रे? माझ्या वतीनं पुन्हा एकदा माफी माग त्यांची."

"मागतो," फोरमन म्हणाला. मग त्यानं मुलीच्या हातातलं पेन घेतलं आणि पानाखाली लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.'