चहाची परीक्षा

पहिल्या केअर सेंटरात बाबांनी संचालकांच्या पांढऱ्या पँटवर चहा उडवला, दुसऱ्यात गणपतीच्या तसबिरीवर. हंटिंग्टन नावाच्या दुर्मिळ आजारानं त्यांचे हात सारखे नाचतात. "बाप्पाला रोज मोदकच का म्हणून?" असं बाबांनी विचारल्यावर तिथल्या बाईंनी आम्हाला हात जोडले.

तिसऱ्या ठिकाणी संचालक गोगट्यांनी पुन्हा कपबशीच पुढे केली. मांडीवरच्या लेकीला सावरत मी बाबांचा कप धरायला गेले.

"राहू दे गं, यांची परीक्षा चालू आहे," बाबा पुटपुटले, आणि गोगट्यांचा शर्ट भिजला.

गोगटे हसले. दारामागे दुसरा शर्ट तयारच लटकत होता. तो अंगात घालत ते म्हणाले, "काका, हे काहीच नाही. सकाळी एका आजींनी मला आमटीनं आंघोळ घातली."

"पास!" बाबांनी निकाल लावला. "इथंच राहतो मी."

मला रडू फुटणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या भरल्या कपाकडे मानेनं कशीबशी खूण केली. "तुझा चहा निवतोय."

हा आजार वारशानं येतो. बाबांकडून मला, माझ्याकडून हिला येऊ शकतो. माझी तपासणी मी टाळतेय, हे त्यांना ठाऊक आहे. लेकीला खाली ठेवून मी कप उचलला, घोट घेतला, कप परत बशीत ठेवला. थेंबही सांडला नाही.

बाबांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो माझ्या चष्म्यावर आदळला.

"तूही पास," ते म्हणाले. "आजच्यापुरती."